खाटेजवळची चटई

वॉर्डात दादाच्या खाटेखाली चटई टाकून मी अठरा रात्री झोपले. बरा झालो की सावंतवाडीहून जुन्या गोव्याला संत फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला (सणाला) चालत जायचं, हा नवस त्याचाच. तो बरा झाला नाही. तरी १ डिसेंबरला पहाटे मी आमच्या गावच्या मंडळींबरोबर निघाले. देवाशी बोलणं तुटलं होतं, पण दादाचा शब्द मोडवेना.

बांद्याला टपरीवाल्याने विचारलं, “वारीक चाललास?” चहाचे पैसे काही केल्या घेईना. पत्रादेवी, पेडणे, पुढे हायवेचं ऊन. कोलवाळच्या पुलावर पाय टेकवेना.

रात्री एका चर्चच्या व्हरांड्यात खानापूरकडच्या एका मावशीने माझा पाय सरळ मांडीवर घेतला. मेणबत्तीवर सुई तापवली, दोरा ओवला आणि फोडातून आरपार काढला. “दोरा असू दे आतच. पाणी आपोआप जातंय.” मग खोबरेल लावता लावता म्हणाली, “कुणासाठी चालतीयास?” मी सांगितलं. तिने ‘देवाची इच्छा’ म्हटलं नाही. तिचाही मुलगा गेला होता. पाय मांडीवर तसाच ठेवून ती बराच वेळ बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी वाटेत तेर्स (जपमाळेची प्रार्थना) संपल्यावर एका वडीलधाऱ्या माणसाने संत फ्रान्सिस झेवियरची गोष्ट काढली. १५४२ मध्ये गोव्यात उतरल्यावर तो इस्पितळातच राहिला, आणि रात्री सगळ्यांत अत्यवस्थ रोग्याच्या खाटेपाशी चटईवर झोपायचा. मी चालता चालता थांबले. चटईवर! एवढी वर्षं नोवेना (नऊ दिवसांची प्रार्थना) केली, त्याचं शव ठेवलेली चांदीची पेटी पाहिली, पण ही चटई मला ठाऊक नव्हती. दहा वर्षांनी, ३ डिसेंबर १५५२ला, चीनच्या किनाऱ्याजवळच्या सांचियान बेटावर जहाजाची वाट पाहत तो तापाने गेला, तेव्हा उशाशी एकटा आंतोनियो, त्याचा चिनी सोबती, होता.

मग बायबलातली लाजराची, येशूच्या मेलेल्या मित्राची, कबर आठवली. त्याला उठवणार हे माहीत असूनही येशू आधी रडला. मला लहानपणापासून उठवण्याचीच गोष्ट जास्त ऐकवली गेली. दादा उठला नाही, म्हणून मी समजले की देव आलाच नाही. पण त्या अठरा रात्री ते रडणं आमच्याजवळच, त्या फरशीवर होतं, असं मला आता वाटतं. पटवून देता येणार नाही. दादा का गेला, हा प्रश्न अजून तसाच आहे, आणि तो मी देवाला विचारते. म्हणजे बोलणं सुरू झालंय.

संध्याकाळी जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चला पोचलो. रांग लांब होती. शव असलेली पेटी उंचावर, खालून नीट दिसत नाही. मी दादाच्या नावाची मेणबत्ती लावली.

रात्री आवारात जिथे जागा मिळेल तिथे लोक आडवे झाले. मावशीला खोकल्याची ढास लागली होती. मी माझी चटई उचलली आणि तिच्या उशाशी नेऊन टाकली.