घरी तेलुगू, वर्गात मराठी, आणि गप्प बसणारं मूल

सोलापुरात पूर्व भागातल्या मराठी शाळेत घरी तेलुगू बोलणारी मुलं असतात, अक्कलकोटकडे कन्नड बोलणारी. पहिली-दुसरीत त्यातलं एखादं गप्प बसतं, सांगितलेलं करत नाही. ‘भाषेचं आहे, येईल हळूहळू,’ असं म्हणून विषय संपतो. बहुतेकदा येतंही. पण कमी ऐकू येणारं मूल याच वाक्याआड राहून जातं. उलटही घडतं: नुसती मराठी नवी असलेल्या पोरावर ‘मंद’ असा शिक्का बसतो.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातले दिव्यांगत्वाचे 21 प्रकार शिक्षकाला पाठ असून इथे भागत नाही.

अडचण भाषेची की कानाची हे ओळखायला आधी तीच घरभाषा असलेल्या मोठ्या मुलाकडून सूचना द्यायला लावा: वही काढ, खिडकीत ठेव, परत ये. इतरांकडे न बघता जमलं, तर अडचण मराठीची. नाही जमलं, तर कान बघा. त्यासाठी सहा आवाज पुरतात: आ, ऊ, ई, म्, श्, स्. हे शब्द नसल्याने भाषा आड येत नाही. पंखा बंद करून मुलाच्या मागे एक मीटरवर उभं राहा, नेहमीच्या आवाजात एकेक म्हणा, मग तीन मीटरवरून. ऐकू आलं की हात वर. दोन आवाजांमधलं अंतर कमीजास्त ठेवा, नाहीतर पोरं अंदाजाने हात उचलतात. ‘श्’, ‘स्’ म्हणताना मागे ‘अ’ लागू देऊ नका, नाहीतर मूल त्या ‘अ’वरच हात वर करेल.

‘आ’ला हात येतो, ‘स्’ला नाही, हे सर्वांत फसवं. हाक मारली की मूल वळतं, म्हणून घरचे ‘ऐकू येतं की!’ म्हणतात.

हे निदान नव्हे. एकाच कानाने कमी ऐकणारं मूल यात सहज पास होतं, आणि कान वाहणाऱ्याचं ऐकणं कमीजास्त होत राहतं, त्यामुळे पुन्हा तपासावं लागतं. शंका आली की गट साधन केंद्रातल्या (शिक्षण विभागाचं तालुक्याचं केंद्र) विशेष शिक्षकांना कळवा आणि पालकांना सिव्हिलच्या कान-नाक-घसा विभागात पाठवा. शाळेत आरोग्य पथक येईपर्यंत थांबू नका.

श्रवणयंत्र मिळालं म्हणजे झालं, असं नाही. ते पंख्याचा आणि शेजारच्या यंत्रमागाचा आवाजही मोठा करतं, म्हणून बाक पंख्याखाली किंवा रस्त्याकडच्या खिडकीशी नको. यंत्र शिटी मारत असेल तर बहुधा यंत्राचा कानात बसणारा साचा सैल झालेला असतो किंवा कानात मळ असतो. फळ्याकडे तोंड करून बोलू नका. आणि ‘समजलं का?’ विचारू नका, मूल मान डोलावतं. ‘आता काय करायचंय ते सांग’ म्हणा.