गुडघेदुखी, शाकाहार आणि जपान

आईचे गुडघे आणि बाबांचा शाकाहार, या दोन गोष्टींपायी आमचा जपानचा बेत दोन वर्षे पुढे ढकलला जात होता. अखेर नोव्हेंबरच्या सुरुवातीला टोकियो, ओसाका, कोयासान आणि ओकायामा असे अकरा दिवस करून आलो. घरच्या ज्येष्ठांना न्यायचे की नाही, या विचारात जे असतील त्यांनी जरूर न्यावे. फक्त जेवण आणि सामान या दोन बाबतींत तयारी पक्की हवी.

आधी जेवण. तिथे अडचण दिसणाऱ्या माशाची नाही, न दिसणाऱ्याची आहे. दाशी नावाचा अर्क मिसो सूपमध्ये, नूडल्सच्या रश्श्यात, भाजीच्या सॉसमध्येही असतो, आणि तो बहुधा वाळवून किसलेल्या बोनिटो माशापासून करतात. ‘व्हेज आहे का?’ असे विचारले तर लोक मनापासून ‘हो’ म्हणतात, कारण वाडग्यात माशाचा तुकडा नसतो. म्हणून प्रश्न दाशीबद्दलच विचारा. ‘निकु मो साकाना मो ताबेमासेन’, म्हणजे मांस आणि मासे दोन्ही खात नाही, हे आम्ही पाठ केले होते. शिवाय दाशीही चालत नाही असे जपानीत छापून खिशात ठेवले होते. बोलण्यापेक्षा त्या कागदाचा उपयोग जास्त झाला. वेटर तो वाचून आत जायचा, स्वयंपाक्याला विचारून यायचा आणि नसेल जमत तर स्पष्ट सांगायचा.

दुपारी सेव्हन-इलेव्हन किंवा लॉसन या दुकानांमधून तयार भाताचे पाकीट घ्यायचे, मायक्रोवेव्हमध्ये गरम करायचे आणि सोबत नेलेले मेतकूट व लोणचे काढायचे. पाकिटावरचा मजकूर भाषांतराच्या ॲपने वाचून घ्या. टोकियोत निशी-कासाई भागात भारतीय वस्ती मोठी आहे, तिथे आपले वाणसामान मिळते. मराठी माणूस योगेंद्र पुराणिक २०१९मध्ये ज्या एदोगावा वॉर्डच्या सभेवर निवडून आले, तो हाच भाग.

सामानाचे उत्तर एका शब्दात: ताक्क्युबिन. हॉटेलच्या काउंटरवर बॅगा द्यायच्या, पुढच्या हॉटेलचा पत्ता भरायचा, बॅगा साधारण दुसऱ्या दिवशी तिथे पोचतात. आम्ही टोकियोहून ओसाकाला अशाच पाठवल्या आणि आई-बाबा शिंकान्सेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, नुसती पाठीवरची पिशवी घेऊन चढले. तिकीट काढताना खिडकीची ‘ई’ सीट मागा. टोकियोहून जाताना फुजी उजव्या हाताला असतो, हवा स्वच्छ असेल तर दिसतो. सगळ्या देशाचा रेल्वे पास मात्र आधी हिशेब करूनच घ्या. २०२३च्या ऑक्टोबरात सात दिवसांच्या पासाची किंमत सुमारे ३०,००० येनवरून ५०,०००वर गेली. टोकियो-ओसाका एका बाजूचे तिकीट १४,०००च्या आसपास पडते, त्यामुळे आम्हाला सुटी तिकिटेच स्वस्त पडली. शहरात आधी पैसे भरून वापरायचे सुइका किंवा इकोका हे प्रवासाचे कार्ड पुरते, पण ते प्रत्येकाचे वेगळे लागते.

शिंजुकु स्टेशनला दोनशेहून जास्त दरवाजे आहेत. पहिल्या दिवशी मी दरवाजा न बघता सगळ्यांना बाहेर काढले आणि आईला दोन मजले जिने चढावे लागले. तेव्हापासून निघण्यापूर्वीच लिफ्ट कुठल्या दरवाजाला आहे ते नकाशावर बघून ठेवत होतो.

आता कोयासान. हे चुकवू नका. ओसाकाच्या नांबा स्टेशनवरून नानकाई रेल्वेने गोकुराकुबाशी, तिथून केबल कार, वर गेल्यावर बस. नवव्या शतकात कूकाई या बौद्ध भिक्षूंनी वसवलेले हे बौद्ध मठांचे गाव सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे आणि मठातच राहता येते. जेवण शोजिन र्‍योरी: ना मांस, ना मासे, ना कांदा, ना लसूण. अर्क कोंबू या समुद्री वनस्पतीचा आणि शिताके अळंबीचा. तिळाचे मऊ गोमा-दोफू, गोठवून वाळवलेले कोया-दोफू, लोणची, भात. इतक्या दिवसांत बाबा प्रथमच काही न विचारता जेवले. जेवण सहाच्या आत वाढतात, पहाटे प्रार्थना असते, स्नानगृह सामायिक असते आणि रात्री थंडी बोचते. बुकिंग करतानाच खुर्ची मागून ठेवा, नाहीतर जमिनीवर बसावे लागेल. रोख पैसेही वर जाण्याआधीच काढून न्या.

ओकुनोइन या तिथल्या दफनभूमीच्या दोन किलोमीटरच्या वाटेवर उंच देवदारांखाली दोन लाखांहून जास्त समाध्या आहेत. त्यातल्या अनेक एकावर एक रचलेल्या पाच दगडांच्या, एकेक दगड एकेका महाभूताचा: पृथ्वी, जल, अग्नी, वायू, आकाश. त्यांवर सिद्धम लिपीतली संस्कृत अक्षरे कोरलेली. बाबा एकेका दगडापाशी थांबून ती लावत होते. कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, २०१५मध्ये बसवलेला. तिथेही आम्ही जाऊन आलो.

शेवटचा दिवस ओकायामाच्या कोराकुएनसाठी ठेवला होता. आमच्या पुण्यातल्या सिंहगड रोडवरचे पु. ल. देशपांडे उद्यान या बागेच्या धर्तीवर केलेले आहे, तिथे आई रोज फिरायला जाते. मूळ बाग १७०० साली पूर्ण झाली. स्टेशनवरून ट्रामने शिरोशिता आणि पुढे दहाएक मिनिटे चालणे, तेही सपाट. थंडीत पाचला बंद होते, म्हणून सकाळीच गाठा. मधल्या ओढ्यापाशी आई पंधरा मिनिटे बसली आणि म्हणाली, “अरे, आपल्याकडे पाणी इकडून वळतं, इथे तिकडून.”