सेंट हेलेना: नेपोलियन बघितला, पण आलो होतो मुंबईच्या बोटीसाठी

दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटावर जो तो नेपोलियनसाठी येतो, मीही तो कैदेत राहिला ते लाँगवूड हाऊस बघून आलो, छान आहे, पण मला इथे ओढून आणलं ते 'सिटी ऑफ कैरो'नं. एलरमन कंपनीची ही बोट, माल आणि प्रवासी दोन्ही नेणारी, १ ऑक्टोबर १९४२ ला मुंबईहून सुटली, पोटात चांदीच्या रुपयांच्या सुमारे २ हजार पेट्या, केपटाऊन करून ब्राझीलमार्गे इंग्लंडला जायचं होतं. ६ नोव्हेंबरच्या रात्री यू-६८ या जर्मन पाणबुडीनं तिला बुडवलं, आणि पाणबुडीचा कॅप्टन मर्टेन लाइफबोटीतल्या लोकांना म्हणे "गुड नाइट, सॉरी तुम्हाला बुडवल्याबद्दल" असं बोलून निघून गेला. याचं लोकांना भारी कौतुक. मला काही ते झेपत नाही बुवा, सगळ्यात जवळची जमीन हे बेट, तेही आठेकशे किलोमीटर लांब!

आणि बेट केवढं, तर १२१ चौरस किलोमीटर, ठाणे शहराहूनही लहान. चुकून बाजूनं पुढे गेलात तर थेट ब्राझीलच.

जेम्सटाऊन या इथल्या मुख्य गावाच्या धक्क्यावर पायऱ्यांशी दोर लोंबकळत ठेवलेत, लाटेबरोबर होडी वर आली की दोर पकडून पटकन उडी मारायची, धडधाकट माणसाचीही तारांबळ उडते. 'कैरो' बुडाल्यावर १३ दिवसांनी क्लॅन अल्पाइन जहाजाला तिच्या तीन लाइफबोटी सापडल्या, त्यातली माणसं याच गावात आणली, उपाशी, तहानेनं सुकलेली, त्यांना वर कसं घेतलं असेल कुणास ठाऊक. समोरच्या खाडीत वर्षभर आधी याच मर्टेननं 'डार्कडेल' हे तेलाचं जहाज उडवलं होतं, ४१ जण गेले, ते अजून तळाशी आहे.

'कैरो'वरचे एकूण १०४ जण गेले, बरेचसे आपल्याकडचे खलाशी, आणि त्यांच्याबद्दल वाचायला जवळपास काहीच मिळत नाही. चांदीचं मात्र सगळं मिळतं, ५ हजार मीटरहून खोल पाण्यातून २०१३ मध्ये टनावारी वर काढली.

एक होडी बेट चुकून खरंच ब्राझीलकडे गेली, ५१ दिवसांनी सापडली तेव्हा दोघंच जिवंत, थर्ड ऑफिसर व्हाइट आणि प्रवासी मार्गारेट गॉर्डन. व्हाइट घरी जायला एलरमनच्याच 'सिटी ऑफ प्रिटोरिया'वर चढला, मार्च १९४३ मध्ये तीही टॉर्पेडोनं बुडाली, एकही वाचला नाही. गॉर्डनबाईंनी युद्ध संपेपर्यंत अटलांटिक ओलांडायला साफ नकार दिला.