टाक्यांच्या शॉपात आलेली टग बोट

आमचं शॉप वाळूज एमआयडीसीत. सगळं फायबरचं काम, कूलरच्या बॉड्या, केमिकलच्या टाक्या, मधूनच एखाद्या मंदिराचा कळस पण येतो. मे महिन्यात पैठणचे एक नेव्हीतून रिटायर झालेले काका मोटरसायलवर अडीच फुटी मॉडेल बोट बांधून आले. बोट म्हणजे नुसता हल, खालचं अंग, वरचं सगळं किटच्या डब्यात. बंदरात मोठ्या जहाजाला ओढून आणती ना ती टग.

"बाळा, फक्त पांढरा पुसून एक लाल हात मारून दे, संध्याकाळी घेऊन जातो," काका म्हणले.

म्हणलं काका बसा आधी, पाणी घ्या, एवढ्यावर भागणार नाही.

आम्ही टाकीला पाच-सहा एमएम जाडी मारतो, हा हल जेमतेम दीड-दोन एमएम. दारात नेऊन उन्हाकडं धरला तर पांढऱ्या जेलकोटमधून, म्हणजे सगळ्यात बाहेरच्या गुळगुळीत थरातून, उजेड दिसायला लागला, सगळीकडं सारखा, पण पुढच्या टोकाला एक पट्टा जास्तच उजळ. तिथं रुपयाचं नाणं वाजवलं, बाकी ठिकाणी टणटण आन् तिथं फट्ट. असल्या धारदार कोपऱ्यात मॅट, म्हणजे काचेच्या धाग्यांची चटई, नीट बसत नाही, जेलकोटच्या मागं हवा राहती, बाहेरून एकदम चकाचक दिसतं आन् काठाला पहिला धक्का लागला की टवका निघतो. स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबलं तर कवचच आत गेलं. काकांचा चेहरा पडला, पण हे पाण्यात कळण्यापेक्षा इथं कळलेलं बरं.

आमचे पेंटर मामा लगेच पॉलिश पेपर घेऊन घासायला बसले, त्यांना म्हणलं थांबा, अगोदर धुवायचं. मोल्डमधून माल सुटावा म्हणून आत वॅक्स लावलेलं असतं, ते मालावर उतरून येतं, आन् तसंच घासलं तर पेपरच्या ओरखड्यात जाऊन बसतं, मग वर कितीबी भारी कलर मारा, टेपसोबत सोलून येणार. भांड्याच्या साबणानं आन् हिरव्या घासणीनं धुतलं, वरून पाणी सोडलं तर थेंब थेंब होऊन पळायलं. म्हणजे वॅक्स आहे अजून. परत धुतलं, थिनरनं पुसलं, तवा कुठं पाणी चादरीसारखं सलग पसरलं. काकांना ही टेस्ट लई आवडली, ते सारखं पाणी ओतून बघायले.

मग मोल्डच्या दोन्ही अर्ध्यांच्या जोडावर खाली जी रेघ उभी राहती ती कानशीनं उतरवली आन् 240 च्या वॉटर पेपरनं ओलंच घासायला घेतलं. ओलं यासाठी की काचेची धूळ उडत नाही. काका हाफ शर्टात आतून कोरडं घासायला बसले, जिथं लाकडी पट्ट्या चिकटवायच्या तिथं 80 चा पेपर लागतोच, आन् अर्ध्या तासात कोपरापर्यंत खाजवायला लागले. गार पाणी घ्या, चोळू नका, एवढंच सांगता येतं. मास्क तेवढा जबरदस्तीनं लावला होता.

टोकाच्या खड्ड्यावरून मामांचं आन् माझं वाजलं. त्यांचं म्हणणं लांबी, म्हणजे पुट्टी, भरा, गाड्यांना तेच करतो. गाडी रात्रंदिवस पाण्यात उभी असती का मामा? लांबीत पावडर असती, ती पाणी पिती. वॉटरलाईनच्या, म्हणजे पाणी जिथवर येतं त्या रेषेच्या, खाली मी मॅटचे बारीक तुकडे रेझिनमध्ये, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या चिकट रसात, कालवूनच भरतो, वरून बारीक छिद्रांना लांबी चालती, ती पण प्रायमरखाली झाकून.

पण पत्र्याखाली दुपारी 42 डिग्री, रेझिन वाटीतच दही व्हायलं. लोक म्हणतात हार्डनर, म्हणजे रेझिन कडक करायचं औषध, कमी टाका. 1 टक्क्याच्या खाली गेलं की माल कच्चा राहतो, त्यामुळे चमच्या-चमच्यानं पसरट झाकणात कालवलं, तेवढं भरलं की दुसरं. जाड डब्यात ठेवलं तर स्वतःच्याच गरमीनं धूर काढतं.

मोटरपासून पंख्यापर्यंत जाणाऱ्या शाफ्टच्या नळीचं भोक अगोदर बारीक ड्रिलनं, मग गोल कानशीनं वाढवलं, मोटरशी लाईन सरळ जुळल्यावरच एपॉक्सीनं पकडलं. लाईन जरा तिरकी गेली की बॅटरी खाती आन् घरघर करती.

सहा वाजता नवीन टाकीत पाणी भरून हल सोडला. काकांनी विचारलं वजन किती टाकायचं. किट 1:40 चं, लांबी 40 पटीनं कमी म्हणजे वजन 40 गुणिले 40 गुणिले 40, म्हणजे 64000 पटीनं कमी. असल टगचे 64 टन म्हणजे आपल्याकडं 1 किलो. काकांची टग 320 टनाची, म्हणजे हल, मोटर, बॅटरी, शिसं, सगळं मिळून 5 किलो. आमच्याकडचे नटबोल्ट मोजून भरले, हल सरळ बसला, पाण्याच्या रेषेला पेन्सिलची खूण केली.

लाल कलर काही त्या दिवशी झाला नाही. प्रायमर मारला, वाळल्यावर 600 नं घासा आन् मगच टेप लावा असं बजावून हल परत मोटरसायलवर बांधून दिला. मालक टाकीत तरंगणारे नटबोल्ट शोधत होते, त्यांना म्हणलं बुडाले सगळे, उद्या काढतो.