बाईंचा तो तास

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असा शाळेतून फोन आला आणि डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या त्या इंग्रजीच्या बाई. नाव सांगायची गरज नाही, आपल्या शाळेत 'बाई' म्हटलं की त्याच.

नववीत वादविवाद स्पर्धेचा विषय होता, आधी सामाजिक सुधारणा की आधी राजकीय स्वातंत्र्य. मी आगरकरांच्या बाजूने, माझ्या बाकावरची मैत्रीण टिळकांच्या. निकाल लागला तरी आमचं भांडण मिटेना, डबेसुद्धा वेगवेगळे खाऊ लागलो. बाईंच्या नजरेतून ते कसं सुटणार? दुसऱ्या दिवशी त्यांनी धडा बाजूला ठेवला आणि फळ्यावर लिहिलं, 'अ‍ॅग्री टू डिसअ‍ॅग्री'.

त्याचा अर्थ, मतभेद आहेत हे दोघांनी मान्य करून वाद तिथेच थांबवायचा. मग सांगितली जॉन वेस्ली आणि जॉर्ज व्हाइटफील्ड यांची गोष्ट. दोघे ऑक्सफर्डपासूनचे स्नेही, दोघेही धर्मोपदेशक. कोणाचा उद्धार व्हायचा हे ईश्वराने आधीच ठरवलंय की तो सर्वांना खुला आहे, यावरून त्यांचं बिनसलं. 1770 मध्ये व्हाइटफील्ड अमेरिकेत वारले. त्यांच्याच इच्छेनुसार लंडनमधलं श्रद्धांजलीचं प्रवचन वेस्लींनी केलं आणि त्यात हे शब्द आले. पुढे बाई आमच्या विषयाकडे वळल्या. डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस एकत्र काढलेले टिळक-आगरकर नंतर दुरावले, पण 1895 मध्ये आगरकर गेले तेव्हा 'केसरी'त मृत्युलेख टिळकांनीच लिहिला. हे सांगताना बाईंचा आवाज जड झाला होता. मधल्या सुट्टीत आम्ही दोघी एकत्र जेवलो.

वापराबाबत बाई फार काटेकोर. 'आय बेग टू डिफर', म्हणजे 'माझं मत वेगळं आहे', असं म्हणायचं ते आपला मुद्दा मांडण्याआधी. 'अ‍ॅग्री टू डिसअ‍ॅग्री' म्हणायचं ते दोघांचं सगळं बोलून झाल्यावरच. ऐकून न घेता म्हटलं तर ती पळवाट. आणि जे मोजून, तपासून ठरतं, त्याला हे शब्द लावायचेच नाहीत.

आज मी न्यायालयाच्या मध्यस्थी केंद्रात काम करते. बांधाच्या वादातून बोलणं टाकलेले सख्खे भाऊ समोर येऊन बसतात. बांध कुठून जातो ते मोजणीवर सोडते; वडिलांनी कोणावर अन्याय केला, यावर मात्र दोघांनाही मनसोक्त बोलू देते. त्यावर एकमत झालं नाही तरी तडजोडीवर सह्या होतात. ही रीत मला बाईंनी दिली.

वादविवाद स्पर्धा आता होत नाही, हे ऐकून फार वाईट वाटलं. ती पुन्हा सुरू व्हावी. बाईंच्या नावाचा फिरता करंडक मी आणि माझी ती मैत्रीण मिळून देऊ. मुख्याध्यापकांनी फक्त तारीख कळवावी.