चपळ आणि अचपळ

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी शाळेबद्दल काही लिहा, असा निरोप आला तेव्हा मला आधी आठवला तो ‘चपळ’ हा शब्द, कारण गुहागरच्या किनाऱ्यावरील त्या वर्षांत तो मी दोन शिक्षकांकडून दोन निराळ्या अर्थांनी शिकलो.

खेळाचे सर हा शब्द फार जपून वापरत. हुतुतूत श्वास टिकवणाऱ्याला ते ‘दमाचा’ म्हणत, अंगाने किरकोळ असूनही न थकणाऱ्याला ‘काटक’. ‘चपळ’ मात्र खो-खोत ऐन वेळी वळणाऱ्यालाच. 100 मीटरच्या शर्यतीत नेहमी पहिला येणारा आमचा एक मित्र खो-खोत पहिल्याच मिनिटाला बाद होई, तेव्हा तो वेगवान आहे, चपळ नाही, असा निवाडा सर देत. पाठलाग करणाऱ्याला एकदा धरलेली दिशा मध्येच सोडता येत नाही, पळणाऱ्याला ती मुभा असते, आणि तिचा उपयोग ज्याला क्षणात साधतो तोच त्यांच्या लेखी चपळ. ओहोटीनंतरच्या घट्ट ओल्या वाळूवर ते आम्हांला पळवत आणि मग वाकून पावलांचे ठसे पाहत. वळणावर टाचेचा खड्डा दिसला की पुन्हा पळायचे. नुसता चवडा उमटलेला दिसला, तर सर काही न बोलता पुढे जात, आणि तीच शाबासकी असे.

संस्कृतच्या गुरुजींसमोर मी ही पदवी मिरवली, तेव्हा त्यांनी गीतेचा 16 वा अध्याय उघडायला लावला. तेथे दैवी गुणांत ‘अचापल’ मोजले आहे, कारण संस्कृतात चपल म्हणजे अस्थिर, उतावळा. वीज आणि लक्ष्मी या दोघींनाही चपला म्हणतात. माझा चेहरा पडलेला पाहून बहुधा, त्यांनीच रामदासांच्या मारुतिस्तोत्रातला ‘चपळांग’ आठवून दिला. तेथे तो निखळ स्तुतीचा आहे. पण लगेच त्यांना करुणाष्टकातले ‘अचपळ मन माझे’ही आठवले, जेथे आरंभीचा ‘अ’ चंचलपणा कमी करण्याऐवजी वाढवतोच. एवढा सोपा शब्द इतका निसरडा असेल, असे मला वाटले नव्हते.

आमचे वर्गशिक्षकही तेच होते. त्या वर्षीच्या प्रगतिपुस्तकात त्यांनी शेरा लिहिला: ‘मैदानात चपळ, अभ्यासात अचपळ.’ वडिलांनी अचपळचा अर्थ मंद असा घेतला आणि मुकाट्याने सही केली. खरा अर्थ सांगण्याचे धाडस मला झाले नाही.