डावं, उजवं आणि तिसरं चाक : वळणांच्या सरावाचे सहा आठवडे

पहिल्या दिवशी वहीत दोनच आकडे लिहिले. रिकाम्या पटांगणात, पहिल्या गिअरमध्ये, पाय न टेकता मारलेल्या सगळ्यांत लहान गोलाचा व्यास : डावीकडे ५.८ मीटर, उजवीकडे ७.६ मीटर. बाईक तीच, टायर तेच, त्यातली हवा तीच आणि चालवणारीही मीच. हँडल दोन्हीकडे सारखंच फिरतं, हे गाडी उभी करून मोजलं. तरी एवढा फरक.

ओळखीतल्या बाईकवाल्यांना विचारलं, तर बहुतेकांनी हेच सांगितलं : डावीकडचा यू-टर्न सहज जमतो, उजवीकडे गाडी बाहेर पळते. कारण विचारलं की एकच उत्तर, ‘मी उजव्या हाताचा आहे ना, म्हणून.’ हे उत्तर मला पटत नव्हतं. कारण डोंगरातल्या रस्त्यावर, वेगात, माझी आवड नेमकी उलटी आहे. तिथे उजवं वळण आलं की मन मोकळं होतं आणि डाव्या वळणात अंग आखडतं. मागच्या टायरवर त्याचा पुरावाही सापडला. गाडी जितकी जास्त झुकते, तितकी टायरच्या कडेची न घासलेली पट्टी कमी उरते. माझी पट्टी डावीकडे १७ मिलिमीटर, उजवीकडे १०. म्हणजे सावकाश वळताना माझी डावी बाजू चांगली आणि वेगात उजवी. उजव्या हाताचं असणं दोन्हीकडे सारखंच लागू आहे, मग आवड का बदलते?

पहिले दोन आठवडे फक्त सावकाश वळणांना दिले. मैत्रिणीने मागून मोबाईलवर चित्रण केलं. डावीकडे वळताना माझी हनुवटी थेट खांद्याशी जाते. उजवीकडे वळताना मान अर्ध्यातच थांबते आणि नजर पुढच्या चाकासमोरच्या जमिनीवर पडते. गाडी नजरेमागे जाते हे आपण सगळे जाणतो, पण नजर एकाच बाजूला का अडते, ते मला बंद गाडीवर बसून हँडल सावकाश फिरवल्यावर कळलं. तुम्हीही एकदा करून पाहा. डावीकडे पूर्ण वळवलं की उजवी मूठ पुढे जाते, हात सरळ होतो, मनगट मोकळं राहतं. उजवीकडे पूर्ण वळवलं की तीच मूठ पोटाजवळ येते, कोपर बरगडीला टेकतं, मनगट दुमडतं. थ्रॉटल, म्हणजे पिळून वेग वाढवायची मूठ, त्याच मनगटात आहे. शिवाय डावा हात लांब ताणला जातो, म्हणजे हाफ क्लच (अर्धवट दाबून धरलेला क्लच) सांभाळायचा तोही बोटांच्या टोकांवर. सावकाश वळणाचा सगळा भार थ्रॉटल आणि क्लचवर असतो आणि उजवीकडे नेमके हे दोन्ही हात अवघडतात. कोपर बरगडीला टेकलं की खांदा अडतो आणि खांदा अडला की मानही अडते.

पायांची गोष्ट याहून महत्त्वाची निघाली. मागचा ब्रेक उजव्या पायाखाली असतो. सावकाश वळताना तो हलका दाबून ठेवला की गाडी स्थिर राहते. डावीकडे झुकताना उजवा पाय ब्रेकवर ठेवून डावा पाय हवा तेव्हा टेकता येतो. उजवीकडे झुकताना इंजिन बंद पडलं, तर टेकायचा पाय आणि ब्रेकचा पाय एकच. मनाला हे आधीच माहीत असतं, म्हणून ते गोल मोठा करून घेतं. त्यात साइड स्टँड डावीकडे. आपण चढतो डावीकडून, उतरतो डावीकडे, सिग्नलला थांबतो तेही डावा पाय टेकून. गाडीचं वजन डाव्या पायावर पेलायची सवय वर्षानुवर्षांची आहे. उजव्या पायावर मी ते किती वेळा पेललं असेल? जवळजवळ कधीच नाही.

म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून रोजच्या सरावात दहा थांबे उजवा पाय टेकून. सरळ येऊन पुढच्या ब्रेकने थांबायचं, गाडी किंचित उजवीकडे कलू द्यायची, पाय टेकायचा. हँडल सरळ असतानाच, कारण वळलेल्या हँडलवर पुढचा ब्रेक दाबला की गाडी आडवी होते. यात गोल मारणं अजिबात नव्हतं. तरी आठवड्याच्या शेवटी उजवा गोल ६.८ मीटरवर आला. मला याचा फार आनंद झाला. वळण न घेता वळण सुधारलं होतं.

दुसरा बदल मुठीचा. थ्रॉटल समोरून घट्ट पकडण्याऐवजी स्क्रूड्रायव्हर धरतात तसा तिरका धरायचा आणि वळायच्या आधीच उजवं कोपर वर उचलून बाहेर काढायचं. वळल्यावर जागा उरत नाही, म्हणून आधीच. थ्रॉटल एका जागी स्थिर ठेवून वेग फक्त क्लच आणि मागच्या ब्रेकने सांभाळायचा. यानंतर मान आपोआप फिरली, वेगळी आठवण करावी लागली नाही.

तिसरा आठवडा रस्त्यावर. मी डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीत चालवते. उजव्या बाजूच्या वाहतुकीत चालवणाऱ्यांनी पुढचं सगळं आरशात पाहिल्यासारखं उलटं वाचावं. डाव्या वळणात आपली लेन आतल्या बाजूला असते. झाड, कुंपण, डोंगराची कड, जे असेल ते दृष्टी अडवतं. त्यात चुकून बाहेर गेलो तर समोरच्या गाडीच्या लेनमध्ये. उजव्या वळणात आपण बाहेरच्या बाजूला, त्यामुळे लांबपर्यंत दिसतं. माझी वेगातली आवड शरीरापेक्षा दिसण्यावर बेतलेली आहे, असं मला आता वाटतं. कारण त्याच रस्त्यावर, जिथे डाव्या वळणातही शेवटपर्यंत दिसतं, तिथे माझं अंग आखडत नाही. गंमत अशी की टायरच्या पकडीच्या दृष्टीने डावं वळणच बरं. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो, म्हणजे डाव्या वळणात आपल्या लेनचा उतार आतल्या बाजूला मिळतो. उजव्या वळणात तोच उतार बाहेर ढकलतो. उजवीकडे आणखी एक सांभाळायचं. मध्यरेषेजवळ चाक ठेवून झुकलं की डोकं आणि खांदा समोरच्या लेनमध्ये जातात. चाकं आपल्या लेनमध्ये असली तरी डोकं नसतं. हे मला चित्रण पाहिल्यावरच लक्षात आलं आणि त्या दिवसापासून मी उजव्या वळणात रेषेपासून हातभर आत राहते.

उजव्या वळणांत मी मोकळेपणाने जास्त झुकते, टायरच्या पट्टीतला फरक असाच साठत गेलेला. डाव्या बाजूच्या वाहतुकीत गोल चौक फिरायचा तोही उजवीकडे वळत.

रेसिंगमध्ये हे असंतुलन ट्रॅकमध्येच बांधलेलं असतं. जर्मनीतल्या झाक्सनरिंगवर १३ वळणं आहेत, त्यांतली १० डावी. सलग डाव्या वळणांनंतर अकरावं वळण उजवं येतं, तोवर टायरची उजवी बाजू थंड पडलेली असते आणि भलेभले तिथे पडतात. म्हणून दोन्ही बाजूंना वेगवेगळं रबर असलेले टायर वापरतात. स्पॅनिश रेसर मार्क मार्केझने मोटोजीपीत, म्हणजे बाईक रेसिंगच्या सर्वोच्च जागतिक स्पर्धेत, २०१३ ते २०१९ दरवर्षी तिथे विजय मिळवला आणि डावी वळणं ही त्याची ताकद मानली जाते. स्पीडवेत, म्हणजे मातीच्या लंबगोल ट्रॅकवरच्या बाईक शर्यतीत, तर डावंच वळण. घड्याळाच्या उलट दिशेने फेऱ्या, बाईकला ब्रेक नाही, गिअर एक आणि डाव्या बुटाखाली लोखंडी तळवा. हे वाचताना मला धीर आला. जे अंगात मुरतं ते सरावाने मुरतं.

चौथ्या आठवड्यात ट्राइक आली आणि माझी अर्धी समजूत मोडली. एका मित्राने गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर बाईक सोडून ट्राइक घेतली, पुढे एक आणि मागे दोन चाकं, न झुकणारी. त्याने दोन सकाळी मला चालवू दिली. बाईकवर वेगात डावीकडे जायचं तर डावी मूठ पुढे ढकलायची, म्हणजे काउंटरस्टिअरिंग : हँडल क्षणभर उजवीकडे वळतं आणि बाईक डावीकडे झुकून वळते. ही गोष्ट हातात इतकी मुरलेली की ट्राइकवरही मी तेच केलं आणि ट्राइक सरळ उजवीकडे निघाली. मित्र ओरडला, “अगं, झुकवू नकोस, वळव! हँडल जिकडे, तिकडेच जाणार ती.” ट्राइकवर शरीर बाहेर फेकलं जातं, म्हणून आपण आत झुकायचं. वेग वळणाआधीच कमी करायचा, कारण वळणात ब्रेक मारला की वजन पुढे त्या एकाच चाकावर आणि बाहेरच्या बाजूला जातं, आतलं मागचं चाक हलकं होतं.

सुरुवातीला मी उजवीकडे वळताना उजवी मूठ ओढत होते. ओढताना मनगट खाली जातं आणि थ्रॉटल नकळत उघडतो, म्हणून उजवं वळण धक्के खात व्हायचं. मित्राने सांगितलं, ‘ओढू नकोस, बाहेरच्या हाताने ढकल.’ ते केलं आणि उजवं वळण एकदम गुळगुळीत झालं, डाव्यापेक्षाही चांगलं. त्या रात्री वही उघडून बसले तेव्हा उलगडलं. बाईकवर वेगात डावीकडे नेतो तो डावा हात, ट्राइकवर ढकलून उजवीकडे नेतो तोही डावाच हात. दोन्हीकडे सोपी बाजू तीच, जिथे ढकलायचं काम थ्रॉटल नसलेल्या हाताकडे येतं. उजव्या हाताकडे थ्रॉटल आणि पुढचा ब्रेक, उजव्या पायाकडे मागचा ब्रेक. त्याच हाताला दिशाही द्यायला सांगितलं की दोन्ही कामं बिघडतात. आपली आवड रस्त्याच्या डाव्या-उजव्याशी जोडलेली नाही, ती या कामाच्या वाटणीशी जोडलेली आहे, असं माझं आता ठाम मत आहे. दिसण्याचा मुद्दा वेगात त्यावर मात करतो, एवढंच.

झुकणाऱ्या तीनचाकींना हे लागू नाही. पिअ‍ॅजिओ एमपी३ किंवा यामाहा निकेन यांची पुढची दोन चाकं बाईकसारखी झुकतात, तिथे काउंटरस्टिअरिंगच करायचं. आणि बाईकच्या एका बाजूला साइडकार (बसायची एकचाकी जोडगाडी) असेल तर डाव्या-उजव्याचा फरक खराखुरा आहे : साइडकारच्या बाजूला वळलं की तिचं चाक उचलू पाहतं, थ्रॉटल उघडला की गाडी साइडकारकडे ओढली जाते, सोडला की उलट बाजूला. साइडकारवाल्यांनी दोन्ही वळणं दोन वेगळ्या गाड्या समजूनच शिकावीत.

ट्राइक चालवून बाईकवर परत येताना पहिली दहा मिनिटं मी पटांगणातच थांबते. हात गोंधळलेले असतात. तुमच्याकडे दोन्ही असतील तर ही दहा मिनिटं कधीही चुकवू नका, रस्त्यावरच्या पहिल्या वळणात हातांनी चुकीचा निर्णय घ्यायला नको.

सहाव्या आठवड्याचे आकडे : डावा गोल ५.६ मीटर, उजवा ६.१. इंग्रजी आठ आकडा काढताना डावीकडून उजवीकडे बदलतानाच्या क्षणी कोपर अजून उशिरा उचलते. चार प्रयत्नांत एकदा तरी थ्रॉटल तिथेच हलतो. पुढचे दोन आठवडे फक्त तो बदल, बाकी काही नाही. उजवा पाय टेकून दहा थांबे मात्र चालूच राहतील. काल सिग्नलसमोर रस्त्याची डावी बाजू खचलेली होती. पाय उजवा टेकला गेला, आणि तो टेकल्यावर मला कळलं.